हिरवी भुजली

त्या गावात एस.टी.तून उतरल्यावर आईने समोर दिसलेल्या पहिल्याच माणसाला जयभीम घातला, आणि त्या माणसाने तो घेतला नाही. तो पिंपळाच्या पारावर बिडी ओढत बसला होता. त्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आमच्या पत्र्याच्या पेटीकडे आणि सुतळीने बांधलेल्या गादीकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून दुसरीकडे थुंकला. अपमान करायचा म्हणून नव्हे. उत्तर काय द्यावं ते त्याला सुचलं नसावं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मूळची फटकळ, काहीतरी बोलणारच होते, पण आईने पेटीची एक कडी माझ्या हातात दिली आणि दुसरी स्वतः धरली. "चाल," एवढंच ती म्हणाली.

आई नर्स होती. बल्लारपुरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तिने उमेदीची वर्षं काढली, आणि बऱ्याच उशिरा तिला सरकारी नोकरी लागली ती या गावच्या उपकेंद्रात. गावाचं नाव मी लिहीत नाही. सिंदेवाहीकडून रानात शिरणाऱ्या रस्त्यावर, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ते वसलेलं आहे, एवढं पुरे. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, भिंतीवर रंगवलेला लाल त्रिकोण आणि मागे विहीर. पुढच्या खोलीत औषधं, मागच्या खोलीत आम्ही. बाबा पेपर मिलमध्ये पाळीवर जायचे, त्यांना हलता येत नव्हतं. धाकटा भाऊ आजीपाशी राहिला आणि मी, तेव्हा नववीतली, आईच्या सोबतीला आले. बाबांना ही नोकरीच मान्य नव्हती. आपल्या समाजाचं एक घर नाही त्या गावात, तिथे एकट्या बाईने राहायचं कसं, हे त्यांचं म्हणणं. निघताना त्यांनी आईला सरळ सांगितलं होतं की पोळ्यापर्यंत पाहा. गावातली एखादी तरी बाई बाळंतपणाला बोलावते का ते पाहा. नाही बोलावलं, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येतो आणि तुम्हा दोघींना घेऊन जातो, नोकरी गेली तर गेली. आईने मान हलवली होती. तिचं मान हलवणं म्हणजे होकार असायचाच असं नाही, हे बाबांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

गावात ढिवर जास्त, थोडी कुणब्यांची घरं. ढिवरांचं सगळं जगणं तलावावर. सकाळी जाळी खांद्यावर टाकून माणसं पाळीवर चढायची आणि डोंग्यांच्या बुडाचा खरवडल्यासारखा आवाज आमच्या मागच्या खोलीपर्यंत यायचा. दुपारी अंगणाअंगणात जाळी वाळत पडलेली असायची, त्यांना ओल्या सुताचा आणि मासळीचा वास. सगळे एकमेकांना राम राम करायचे. आई राम राम म्हणत नसे. ती दोन्ही हात जोडून, लहानमोठा न पाहता, जयभीम म्हणायची. विहिरीवर, दुकानात, पाळीवर, गुरांमागे जाणाऱ्या म्हाताऱ्याला सुद्धा. कुणी पुटपुटायचं, कुणी पदर सावरायचं, बहुतेक जण न ऐकल्यासारखं करायचे. मला लाज वाटायची. मी एकदा म्हटलं, नमस्ते म्हण ना, नमस्तेला कोण काय म्हणणार? तर म्हणाली, "मले जे येते ते मी देतो. घ्याचं का नाई ते त्याहीनं पाहावं." दुसऱ्या दिवशी पुन्हा जयभीम. तिच्या या हट्टाचा मला तेव्हा भारी राग यायचा. आता माझ्या मुलीला माझ्या हट्टाचा येतो.

लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. पोराला ताप आला की घेऊन यायचे, गोळी न्यायचे, टोचून घ्यायचे. पण पायरीच्या खाली उभे राहून. आईने पाणी विचारलं की नको म्हणायचे. भर उन्हात पाळीवरून चालत आलेल्या माणसालाही आमच्या दारात तहान नसायची. बायकांना दिवस गेले की त्या आईला दिसेनाशा व्हायच्या. आई घरोघर जायची तर सासवा अंगणातच सांगायच्या, सून घरी नाही, रानात गेली. आणि आतून बांगड्या वाजायच्या.

बोलण्याचाही एक घोळ होता. कोणीही बाई रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न, "का भाजी केली?" आम्ही मिलच्या वस्तीत वाढलेले. चुलीवर काय शिजतंय ते दुसऱ्याने विचारायचं कारण काय, असं मला वाटायचं, आणि मी तुटक उत्तर द्यायचे. बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की भाजीशी कुणाला देणंघेणं नाही. तरोट्याची म्हणा, आंबाडीची म्हणा, वास्त्याची म्हणा. ऐकणारी पुढे निघून गेलेली असते. तो त्यांचा नमस्कारच. जेवली का, का भाजी केली, कुठी चालली, इतकं विचारलं की माणूस माणसाला भेटला. ते कळल्यावर मी उत्साहाने कामाला लागले. आईला जमत नाही ते मी करून दाखवते, अशी काहीशी ईर्षा होती. आणि पहिल्याच दिवशी पाळीच्या चढावर एक तरणा माणूस भेटला, खांद्यावर जाळं, हातात टोपली. मी हसून, अगदी त्यांच्या हेलात विचारलं, "कुठी चालले, भाऊ?"

तो जागच्या जागी थांबला. जाळं खांद्यावरून उतरवून त्याने खाली ठेवलं, एका दगडावर बसला, माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी फोडलंच आहे. मग उठला आणि जाळं घेऊन घरी परत गेला. जाळं घेतलेल्याला कुठी म्हणायचं नसतं, विचारलं की निघणं मोडतं आणि त्या दिवशी मासळी जाळ्यात येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. माझा नेम असा अचूक की तो भागरताबाईचा मुलगा सुकरू निघाला. भागरताबाई म्हणजे गावची सुईण. त्या गावात जो कोणी चालत-बोलत होता तो तिच्या हातून जगात आलेला. आईला जिची गाठ घ्यायची होती आणि जी आईला पाहिलं की वाट बदलायची, ती ही बाई त्या संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

उंच, सुकलेली, कपाळावर गोंदण, हातात काठी नाही पण असल्यासारखी चालायची. आईने जयभीम घातला. तिने तो घेतला नाही. माझी तक्रार तिने मोजक्या शब्दांत सांगितली, आणि आईने तिच्यासमोर माझा कान धरला. मला वाटलं आता जाईल. ती गेली नाही. आमच्या पुढच्या खोलीत डोकावून पाहत राहिली. कात्री, चिमटे, पांढरा इनॅमलचा ट्रे, उकळायचं भांडं. मग म्हणाली की या गावात पोरं मी काढतो, माझ्या सासूनं काढली, तिच्या सासूनं काढली, तू इथे कशाला आली? आईचा आवाज चढला नाही. तुम्हीच काढा, ती म्हणाली, मला फक्त सोबत ठेवा. रक्त थांबत नसलं, झटका आला, तर माझ्याकडे सुई आहे. भागरताबाईने हे ऐकलं, आणि "पाहू," म्हणून गेली. आईने तिला पाणी विचारलं होतं. तिलाही तहान नव्हती.

श्रावण लागला. धानाच्या रोवण्या सुरू झाल्या, सगळं गाव चिखलात. आमच्याकडे रोज भात आणि तरोटा, कधी शाळेतून सायकलवरून येताना मला कोणी विकत दिले तर बोटभर मासे. पावसात शाळा बुडायची आणि मी पायरीवर बसून राहायचे. मागच्या कुडापलीकडे भागरताबाईचं अंगण होतं. तिची मुलगी शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्याहून फार तर तीनचार वर्षांनी मोठी, पोटाने जड, आणि घरात बसून कंटाळलेली. आई घरी नसली की ती कुडापाशी यायची आणि बोलायची. गावात आमच्याशी मोकळं बोलणारी तीच एक, आणि तीही चोरून. नागपंचमीला मी पाहिलं की अंगणातल्या पोरी बांबूच्या टोपल्यांत माती आणि शेणखत भरून गहू पेरतायत. हे काय, म्हणून विचारलं. ती म्हणाली, भुजली. बल्लारपुरात मी हे नाव ऐकलं नव्हतं. राखीच्या दुसऱ्या दिवशी या टोपल्या डोक्यावर घेऊन तलावावर जायचं, माती पाण्यात सोडायची आणि वर आलेली रोपं धुऊन घ्यायची. ती रोपं सगळ्यांनी एकमेकांना द्यायची, कानामागे खोचायची, लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं. आणि जिच्याशी मनापासून अदलाबदल केली ती तुमची भुजली. मग आयुष्यभर तिचं नाव घ्यायचं नाही, तिला भुजलीच म्हणायचं, तिच्याशी भांडायचं नाही, सुखदुःखात तिच्या घरी आधी पोचायचं. जातीचं काय, मी विचारलं. शेवंता म्हणाली, कुणबिणी आणि ढिवरणी होतात एकमेकींच्या. तुमचं माहीत नाही, तुमचं कोणी इथे राहिलंच नाही.

रात्रीच्या जेवणाच्या आधी मी हे सगळं आईला सांगितलं. ती तरोटा निवडत होती. पूजा कोणाची करतात, तिने विचारलं. मी म्हटलं, देवीची गाणी म्हणतात. ती बराच वेळ देठं तोडत राहिली. मग म्हणाली, "गाणं आपल्याले म्हणाचं नाई. पूजा कराची नाई. पण गहू पेराले कोणाची मनाई आहे?" आणि उठून तिने तो पांढरा ट्रे काढला. आमच्यातल्या काही जाणत्या मंडळींना ही गोष्ट मी पुढे सांगितली तेव्हा त्यांना ती रुचली नाही. दीक्षा घेतल्यावर असल्या सणात शिरायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याशी वाद घालते. माझी आई कोणत्याही देवासमोर वाकल्याचं मला आठवत नाही, त्या दिवशीही नाही. पण माणसासमोर वाकायला तिला कधी कमीपणा वाटला नाही, आणि या दोन गोष्टींत फरक करायला तिला कोणाची मदत लागली नाही.

आमचे गहू जोमाने आले. आई रोज सकाळी ट्रे खिडकीत ठेवायची, ऊन पडलं की उन्हाकडे सरकवायची, संध्याकाळी आत घ्यायची. उजेड आणि हवा यांवर तिचा औषधापेक्षा जास्त विश्वास. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी हवी, हे ती घरोघर सांगत फिरायची आणि लोक खिडक्यांना बोळे कोंबायचे. बोटभर झाली, वीतभर झाली, हिरवीगार रोपं, एकसारखी, दाट. मी गर्वाने फुगले होते. शेजारच्या टोपल्या कोणी बाहेर काढत नव्हतं, आत कुठेतरी कपड्याखाली झाकून ठेवल्या होत्या. मला वाटलं, त्यांची आली नसावीत, म्हणून लपवतायत.

राखीच्या दुसऱ्या दिवशी दुपारून गाव तलावावर निघालं. पुढे डफ, मागे पोरी आणि बाया, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर कपडा. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. आईने पांढरं लुगडं नेसलं, ट्रेवर स्वच्छ टॉवेल घातला आणि शेवटच्या बाईमागे थोडं अंतर सोडून चालायला लागली. मी तिच्यामागे. माझे पाय जड झाले होते आणि तिचे नव्हते. पाळीवर पोचल्यावर गाणं सुरू झालं. आई बाजूला उभी राहिली, हात जोडले नाहीत, ओठ हलवले नाहीत, ट्रे धरून शांत उभी. बाया वळून वळून पाहत होत्या. गाणं संपलं आणि सगळ्यांनी टोपल्यांवरचे कपडे काढले. आईनेही टॉवेल काढला.

सगळ्या टोपल्यांतली रोपं पिवळीधम्म होती. मऊ, फिकी, हळदीत बुडवल्यासारखी. आणि मध्ये आमचा ट्रे, हिरवागार. भुजली अंधारात वाढवायची असते. तिच्यावर उजेड पडू द्यायचा नसतो, म्हणून तर ती सोन्यासारखी पिवळी येते. हे सांगायला विसरली शेवंता, कारण सांगायची गोष्टच नव्हती ती. मग एक जण म्हणाली, "नर्सबाईनं परे आणले वो. रोवणी करते का तलावात?" धानाच्या रोपांना तिकडे परे म्हणतात. आणि पाळीवरच्या सगळ्या बाया हसायला लागल्या. एक हसली की दुसरी, दुसरीला पाहून तिसरी, लेकरंसुद्धा. माझे डोळे भरून आले. जिने ते म्हटलं होतं तिला पाण्यात ढकलून द्यावं असं मला वाटलं, आणि मी एक पाऊल टाकलंही होतं. आईने माझ्याकडे न पाहता ट्रे माझ्या हातात दिला, म्हणजे मला हलताच येईना. मग तिने त्यातली एक जुडी उपसली, काठावर जाऊन मुळं धुतली आणि सरळ भागरताबाईसमोर जाऊन उभी राहिली.

हसणं थांबलं. आई खाली वाकली आणि भागरताबाईच्या पायांना हात लावला. वयाने मोठी होती ना ती. उठून तिने जुडी पुढे धरली. "बाई," ती म्हणाली, "माही भुजली व्हा."

भागरताबाईने जुडीकडे पाहिलं. घेतली नाही. "अंधारात ठेवाची असते हे," ती म्हणाली. "कोणाले विचारलं नाई काऊन?"

"कोणाले विचारू?" आई म्हणाली. "इथी माह्याशी बोलते कोण?"

तिने हे रडत म्हटलं नाही, चिडूनही नाही. विहिरीला पाणी किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. पण मी तिची मुलगी. तेवढ्या वेळात मला कळलं की गेले सगळे महिने ती रोज जयभीम घालून घरी आल्यावर कशाने गप्प असायची. माझा तिच्यावरचा राग तिथे पाळीवर संपला. आजूबाजूच्या बाया आपल्या पायांकडे पाहत होत्या. मग भागरताबाईने आपल्या टोपलीतली पिवळी जुडी उपसली, माती झटकली, पुढे होऊन ती आईच्या कानामागे खोचली, आणि आईच्या हातातली हिरवी घेऊन आपल्या कानामागे लावली. तिच्या पांढऱ्या केसांत ती फार विचित्र दिसत होती. "आता बोलाच लागन," ती म्हणाली, आणि पाळीवरून उतरायला लागली.

लगेच सगळं बदललं असं नाही. भागरताबाईला म्हातारचळ लागला, असं विहिरीवर उघड बोलत होते. तिची थोरली जाऊ सारजाबाई त्याच अंगणात पलीकडच्या खोलीत राहायची, तिने तर चार दिवस अबोला धरला. पण भागरताबाई आता रस्त्यातून हाक मारायची, "वो भुजली, का भाजी केली?" आणि आई ओरडून सांगायची. एकदा ती पायरी चढून आत आली, पाणी मागून प्यायली, आणि ट्रे कुठे आहे म्हणून चौकशी करून गेली. बाळंतपणाबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही. पोळा जवळ आला. मी पेटीत कपडे भरायला काढले तेव्हा आईने ते परत दोरीवर टाकले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी सगळे बाप्ये बैलांपाशी होते, शिंगं रंगवणं, झुली घालणं चाललं होतं. घराघरातून पुरणाचा वास. भागरताबाई मागच्या कुडातून आली, तीही धावत. सकाळपासून शेवंताला कळा येत होत्या आणि पोर पुढे सरकत नव्हतं. साऱ्या गावाचं केलं, ती म्हणाली, पण स्वतःच्या पोरीपाशी हात चालत नाही, हात कापतात. तिने हात पुढे करून दाखवले. आईने पिशवी उचलली.

अंगणात सारजाबाई दाराच्या तोंडाशी बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या. भुजली पहिल्यांदा घरी आली की तिचे पाय धुवायचे असतात, ही रीत तिलाही माहीत होती. पण या भुजलीचे कसे धुवावेत, तांब्या हातात द्यावा की वरून पाणी घालावं, ते तिला ठरवता येत नव्हतं. तिने भागरताबाईला विचारलं, ही बाई बाळंतिणीच्या खोलीत जाणार का?

"माही भुजली आहे ती," भागरताबाई म्हणाली. "ती बाहीर राह्यली तं मी बी बाहीर राह्यतो. मंग तूच जा आत, अन काढ पोर."

सारजाबाई उठून उभी राहिली. तांब्या तिच्या हातात तसाच. आतून शेवंता कण्हत होती. आईने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "पाय मागून धुजा, बाई," ती म्हणाली. "आधी हात धुऊ द्या."

सारजाबाईने पाणी घातलं. आईने साबण लावला, कोपरापर्यंत, सावकाश, आणि पुन्हा पाणी मागितलं, पुन्हा मागितलं. पहिल्यांदा धार उंचावरून पडत होती. तिसऱ्यांदा तांब्या आईच्या मनगटाला टेकला आणि सारजाबाईच्या ते लक्षातही आलं नाही. मग त्या तिघी आत गेल्या. मी ओट्यावर बसले. पाणी उकळ म्हणून आतून हाक आली की उकळायचे, चुलीत काड्या सारायचे, फुंकून फुंकून माझे डोळे लाल झाले. गावाबाहेर तोरणापाशी बैल उभे होते, वाजंत्री वाजत होती. पोळा फुटल्याचा गलका झाला आणि बैल उधळत गावात शिरले, त्याच सुमारास पोराचं रडणं ऐकू आलं. मला वाटलं संपलं. पण आई बाहेर आली नाही. शेवंताचं रक्त थांबत नव्हतं. आईने सुई दिली आणि पोटावर मूठ दाबून ती बसून राहिली. भागरताबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. रक्त थांबलं तरी आई उजाडेपर्यंत तिथून हलली नाही. केव्हातरी सारजाबाईने मला पुरणपोळी वाढली, आपल्या चुलीपाशी बसवून. मला भूक नव्हती, पण मी खाल्ली. तिथे नको म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. ठरल्याप्रमाणे, इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी. गावात तान्हा पोळा होता, पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती. उपकेंद्राला कुलूप पाहून बाबांचा चेहरा उतरला. सामान बांधलं का, त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. आई कुठे आहे, तर मी त्यांना कुडातून पलीकडे नेलं.

अंगणात निंबाखाली खाट टाकलेली होती आणि तिच्यावर आई झोपली होती. दिवसाउजेडी झोपलेली आई मी त्याआधी पाहिलेली नव्हती, बाबांनीही नसावी. तोंड उघडं, केस सुटलेले, पायांवर कोणीतरी घडीची वाकळ घातलेली. खाटेजवळ भागरताबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती आणि खाटेवर माश्या बसू नयेत म्हणून पदराने वारा घालत होती. बाबा हाक मारायला पुढे झाले. तिने हात वर केला.

"उठवू नोका."

"मी तिचा नवरा," बाबा म्हणाले. "चारची गाडी आहे. तिले घरी घेऊन जाचं आहे."

भागरताबाईने बाबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पोर चुळबुळलं, त्याला तिने थोपटलं. मग पुन्हा वारा घालायला लागली.

"घरीच तं आहे ती," ती म्हणाली. "बसा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर बसले.